बीजगणितात ६९ आणि एक ट्रॉम्बोन

समजा, तुम्ही टेक्ससमधल्या एका हायस्कूलात शिकताय आणि शाळेच्या बँडमध्ये ट्रॉम्बोन वाजवताय. ऑगस्टच्या रणरणत्या उन्हात, शाळा सुरू व्हायच्याही आधी, डांबरी पार्किंग लॉटवर उभं राहून तुम्ही कवायत केलीय. आठ पावलांत बरोब्बर पाच यार्ड, हे माप आता पायांत भिनलंय. अख्खा कार्यक्रम तोंडपाठ आहे. ऑक्टोबरमध्ये स्पर्धा आहे. आणि तिच्या थोडंच आधी पहिल्या सहा आठवड्यांचे मार्क लागतात: इंग्रजी ८४, इतिहास ८१, जीवशास्त्र ७७, बीजगणित ६९.

झालं. तुम्ही स्पर्धेला नाही. बाकी विषयांत काय मिळालंय ते कुणी बघणार नाही. सत्तरला एक कमी म्हणजे कमी.

हा कुणा खडूस हेडमास्तरांचा फतवा नाही, राज्याचा कायदा आहे. १९८४ साली झाला, १९८५ च्या सुरुवातीपासून अमलात आला आणि थोडा सैल होऊन आजही चालू आहे. लोक त्याला 'नो पास, नो प्ले' म्हणतात. इंग्रजीत खेळणं आणि वाजवणं या दोन्हींना एकच क्रियापद असल्यामुळे तीन-चार शब्दांत भागलं. हाच कायदा मराठीत झाला असता तर खेळाडूंसाठी एक नाव आणि वाजवणाऱ्यांसाठी दुसरं नाव शोधावं लागलं असतं, आणि शोधता शोधता कदाचित कुणाच्या तरी लक्षात आलं असतं की या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. असो.

आता यात आपण सॉफ्टवेअरवाल्यांनी कान टवकारावेत असं काय आहे? तर या कायद्यामागचा माणूस आपल्याच धंद्यातला होता. रॉस पेरो. अमेरिकेच्या १९९२ च्या निवडणुकीत बुश आणि क्लिंटनच्या मध्ये उभा राहिलेला, बुटका, मोठ्या कानांचा, टीव्हीवर तक्ते दाखवून अर्थशास्त्र समजावणारा तो अब्जाधीश अनेकांना आठवत असेल. पण त्याच्या आधी तो आयबीएममध्ये सेल्समन होता. १९६२ साली वर्षभराचा कोटा जानेवारीतच संपवून मोकळा झाला अशी त्याची ख्याती. त्याच वर्षी बायकोकडून हजार डॉलर घेऊन त्याने 'इलेक्ट्रॉनिक डेटा सिस्टम्स' म्हणजे ईडीएस ही कंपनी काढली. कल्पना साधी होती: कॉम्प्युटर विकण्यापेक्षा तो चालवून द्यायचं काम विकायचं. ज्या आउटसोर्सिंगवर पुढे पुणे-बंगळूरच्या कित्येक घरांचे हप्ते फिटले त्याच्या आद्य दुकानांपैकी हे एक. सरकारी आरोग्य विम्याचे दावे कॉम्प्युटरवर निकालात काढण्याच्या कामात ईडीएस गब्बर झाली. पांढरा शर्ट, टाय, दाढी नाही, शिस्त लष्करी. पेरो स्वतः नौदलाच्या अकादमीतून बाहेर पडलेला, तेव्हा नवल नाही.

या कंपनीचं पुढे काय झालं हे आपल्यातल्या अनेकांना पगारपत्रकावरून माहीत असेल. २००६ मध्ये ईडीएसनं एमफॅसिसचा ताबा घेतला, २००८ मध्ये एचपीनं ईडीएसच घेतली आणि २०१७ मध्ये तिचा मोठा भाग डीएक्ससी नावाखाली गेला. पेरोनं १९८८ मध्ये काढलेली दुसरी कंपनी, पेरो सिस्टम्स, २००९ मध्ये डेलनं घेतली आणि २०१६ मध्ये ती एनटीटी डेटाकडे गेली. म्हणजे ज्यांच्या गळ्यातल्या ओळखपत्राचा रंग तीनदा बदलला, त्या मंडळींचा आणि टेक्ससच्या ट्रॉम्बोनवाल्या पोराचा मूळ पुरुष एकच!

शाळेत बँड आला कुठून, हेही बघायला हवं. आपल्याकडे बँड म्हटलं की वरात आठवते, नाहीतर पंधरा ऑगस्टला एक ड्रम आणि दोन बिगुल. अमेरिकेतला शालेय बँड हे वेगळंच प्रकरण आहे. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी तिथे गावोगावी हौशी बँड होते आणि जॉन फिलिप सूसासारख्यांचे व्यावसायिक बँड गावं फिरत. सूसाचा बँड १८९२ पासून १९३१ पर्यंत चालला. पहिल्या महायुद्धानंतर ग्रामोफोन, सिनेमा, रेडिओ यांनी ही बाजारपेठ खायला सुरुवात केली. पितळी वाद्यं बनवणाऱ्या कंपन्यांना नवं गिऱ्हाईक हवं होतं. आणि लष्करी बँडमधून परतलेल्या वादकांना नोकऱ्या. दोघांनाही शाळा सापडली. १९२३ मध्ये शिकागोला राष्ट्रीय पातळीवरची पहिली शालेय बँड स्पर्धा झाली, तिला पैसा वाद्यकंपन्यांचा. थोडक्यात, मुलांच्या सर्वांगीण विकासाच्या मागे ट्रम्पेटचा खपही उभा होता. पण त्यातून जे उभं राहिलं ते खरंच भव्य होतं. बँड हा शाळेचा विषय झाला. वेळापत्रकात तास, पगारी शिक्षक, प्रगतिपुस्तकात मार्क.

टेक्ससमध्ये त्याला फुटबॉलची जोड मिळाली. तिथल्या छोट्या गावांत शुक्रवारची संध्याकाळ म्हणजे हायस्कूलची मॅच. अख्खं गाव स्टेडियमवर. आणि मध्यंतरात मैदान बँडचं. दीडशे-दोनशे पोरं गणवेशात, वाजवता वाजवता मैदानावर आकृत्या काढतात, मोडतात, परत काढतात. पुण्यातली ढोल-ताशा पथकं ज्यांनी पाहिली आहेत त्यांना त्या ऊर्जेची कल्पना येईल, फक्त इथे प्रत्येकाची जागा इंचात ठरलेली. स्पर्धांचा कारभार यूआयएल, म्हणजे युनिव्हर्सिटी इंटरस्कोलॅस्टिक लीग बघते. ही संस्था १९१० साली टेक्सस विद्यापीठानं सुरू केली ती चक्क वादविवाद स्पर्धांसाठी. आज तिच्याकडे फुटबॉलपासून गणितापर्यंत सगळं आहे. मार्चिंग बँडची राज्य स्पर्धा १९७९ पासून. वसंतात पुन्हा वेगळी स्पर्धा, बसून वाजवायची. तीत एक भाग असा की कधी न पाहिलेलं स्वरलेखन हातात देतात आणि काही मिनिटांत वाजवायला लावतात. आमच्या कॅम्पस इंटरव्ह्यूपेक्षा कठीण.

आता १९८३. त्या वर्षी एप्रिलमध्ये केंद्र सरकारच्या एका आयोगाचा 'अ नेशन ॲट रिस्क' हा अहवाल आला. आपल्या शाळा इतक्या घसरल्या आहेत की देश धोक्यात आहे, असा त्याचा सूर. जपान मोटारी विकून पुढे चालला होता, त्यामुळे तो सूर लोकांना लगेच पटला. टेक्ससमध्ये मार्क व्हाइट नावाचा डेमोक्रॅट गव्हर्नर नुकताच निवडून आला होता. त्याने निवडणुकीत शिक्षकांना पगारवाढ कबूल केली होती. विधिमंडळ म्हणालं, पैसे नंतर, आधी शाळांत चाललंय काय ते बघू. म्हणून एक समिती नेमली गेली आणि तिच्या अध्यक्षपदी बसला रॉस पेरो.

नेहमीच्या समित्या अहवाल लिहितात आणि चहा पिऊन घरी जातात. पेरोनं तसं केलं नाही. राज्यभर सुनावण्या घेतल्या, स्वतःच्या खिशातून पैसे घालून तज्ज्ञ आणि लॉबीवाले लावले, आणि शाळांचा हिशोब जसा एखाद्या तोट्यातल्या डेटा सेंटरचा तपासावा तसा तपासला. सीपीयूचा वेळ कुठे जातोय? तर त्याच्या मते अभ्यासाकडे नाही. खेळ, बँड, चिअरलीडिंग, शेती-प्रदर्शनं यांच्यासाठी मुलं वर्ग बुडवत होती. त्याचं आवडतं उदाहरण एका मुलाचं होतं, जो आपली कोंबडी प्रदर्शनांत मांडण्यासाठी ३५ दिवस शाळेला गेला नव्हता. ही कोंबडी पेरोनं टेक्ससभर फिरवली. जितके दिवस ती प्रदर्शनात फिरली असेल त्याहून जास्त दिवस भाषणांत फिरली असावी :)

पेरोचा रोख मुख्यतः फुटबॉलवर होता. टेक्ससमध्ये त्या वेळी फुटबॉलविरुद्ध बोलणं म्हणजे कोल्हापुरात तांबड्या रश्श्याविरुद्ध बोलण्यासारखं, आणि तो बोलला. हे धाडस मान्य करायलाच हवं. पण कायदा लिहिताना शब्द वापरला गेला 'एक्स्ट्रा-करिक्युलर', म्हणजे अभ्यासक्रमाबाहेरचं सगळं. त्या एका शब्दात बँड अडकला.

टेक्ससचं विधिमंडळ दोन वर्षांतून एकदाच, विषम सालांत भरतं. १९८४ सम साल, म्हणून व्हाइटनं उन्हाळ्यात खास अधिवेशन बोलावलं. अशा अधिवेशनाची मुदत तीस दिवसांची. त्या तीस दिवसांत 'हाउस बिल ७२' मंजूर झालं. गंमत म्हणजे त्याच उन्हाळ्यात पेरो आपली ईडीएस जनरल मोटर्सला अडीच अब्ज डॉलरला विकत होता. एका हातानं कंपनीचा सौदा, दुसऱ्या हातानं राज्यातल्या शाळांची रिफॅक्टरिंग.

त्या बिलात काय नव्हतं! शिक्षकांना पगारवाढ. गरीब शालेय जिल्ह्यांना जास्त पैसा. खालच्या इयत्तांच्या वर्गात २२ पेक्षा जास्त मुलं नकोत. नोकरीत असलेल्या शिक्षकांचीही लिहिण्या-वाचण्याची परीक्षा. आणि त्यात कुठेतरी हे कलम: सहा आठवड्यांच्या सत्रात एकाही विषयात शंभरपैकी सत्तरच्या खाली मार्क पडले तर पुढचे सहा आठवडे विद्यार्थी कुठल्याही अभ्यासक्रमाबाहेरच्या कार्यक्रमात भाग घेऊ शकणार नाही. सगळ्या बिलात याच कलमाला सरकारी तिजोरीतून जवळपास काही लागणार नव्हतं. आणि लोकांच्या लक्षात राहिलं ते हेच.

कलमाचं तर्कशास्त्र नीट बघा. विषयांच्या निकालांची सरासरी नाही घेतलेली, त्यांचा 'ॲन्ड' घेतलाय. सहापैकी पाच ट्रू आणि एक फॉल्स, उत्तर फॉल्स. कॅलिफोर्नियात सरासरी बघतात, चारपैकी दोन गुणांक असला की झालं. तिथे एका विषयात मागे पडलेलं मूल दुसऱ्यात भरून काढू शकतं. टेक्ससमध्ये तशी सोय नाही. हां, एक पळवाट होती. विषय 'ऑनर्स' म्हणजे वरच्या पातळीचा असेल तर मुख्याध्यापक निलंबन मागे घेऊ शकत. हेतू चांगला: नाहीतर पोरं मार्कांच्या भीतीनं अवघड विषय घेणारच नाहीत. पण परिणाम असा की ऑनर्स फिजिक्समध्ये आपटलेला डॉक्टरांचा मुलगा बँडच्या बसमध्ये बसू शकतो, आणि साध्या गणितात ६९ मिळवणारा मेकॅनिकचा मुलगा खाली उभा राहून हात हलवतो.

आणि हाच मुद्दा कोर्टात गेला. १९८५ च्या वसंतात पहिल्यांदा मार्क लागले आणि राज्यभर मुलं बाहेर बसली तेव्हा ह्यूस्टन भागातल्या स्प्रिंग ब्रांच शालेय जिल्ह्याविरुद्ध काही पालक-विद्यार्थ्यांनी दावा लावला. खालच्या कोर्टानं कायदा घटनाबाह्य म्हणून स्थगिती दिली. जुलै १९८५ मध्ये टेक्ससच्या सर्वोच्च न्यायालयानं ती उठवली. निकालाचा गाभा असा: शिक्षण ही एक गोष्ट, आणि खेळ-बँडसारख्या कार्यक्रमांत भाग घेणं ही दुसरी, तो काही मूलभूत हक्क नाही. शाळेत अभ्यास व्हावा हा सरकारचा हेतू योग्य आहे आणि नियमाचा त्या हेतूशी संबंध लागतो, एवढं पुरे. १९८६ मध्ये देशाच्या सर्वोच्च न्यायालयातलं अपीलही फेटाळलं गेलं.

कायद्याच्या भाषेत निकाल बरोबरच असेल. पण बँडचं दुखणं त्यात कुठेच येत नाही. ते असं.

फुटबॉलच्या संघात राखीव खेळाडू असतात. एक गेला की बाकावरचा दुसरा उतरतो. मार्चिंग बँडला बाक नसतो. जितके आहेत तितके सगळे मैदानावर. कुणी कितव्या तालाला कुठल्या रेषेवर असणार याचा आराखडा, म्हणजे ड्रिल, महिनोन् महिने आधी काढलेला असतो. त्या काळात तर तो आलेखाच्या कागदावर पेन्सिलनं काढत. वर्तुळातले सहा जण गणितात नापास झाले की वर्तुळात सहा भोकं. आता एक तर भोकं तशीच ठेवा, नाहीतर सगळ्यांची ड्रिल बदला, तीही स्पर्धेला आठ-दहा दिवस असताना. प्रॉडक्शनमध्ये जाण्याच्या आदल्या आठवड्यात सहा मोड्यूल काढून घेतली तर आपण काय करू, तसंच. आणि बसून वाजवायच्या बँडमध्ये प्रश्न आणखी बिकट. क्लॅरिनेट वीस असतात, त्यातले दोन गेले तर चालून जातं. ओबो एकच असतो. तो गेला की त्या रचनेतला तो आवाजच गेला. शिक्षा एकाची आणि वजाबाकी सगळ्यांची.

शिवाय बँड हा वर्गातला विषय होताच की! त्याचे मार्क प्रगतिपुस्तकात होते. म्हणजे पोरगं सकाळी तासाला बँड 'अभ्यास' म्हणून शिकणार आणि त्याच अभ्यासाचं फळ संध्याकाळी दाखवायची वेळ आली की ते 'अभ्यासाबाहेरचं' ठरणार. इतिहासात नापास झालास म्हणून रसायनशास्त्राचा प्रयोग करू नकोस, असं कुणी म्हणत नाही.

याच्या दुसऱ्या बाजूलाही वजन आहे, ते नाकारून चालणार नाही. नियम आल्यावर बँडच्या शिक्षकांना अचानक मुलांच्या गणितात रस निर्माण झाला. मार्क लागण्याच्या आधीच कोण काठावर आहे याची यादी, सरावाआधी शिकवणी, वरच्या वर्गातल्या ट्यूबावाल्यानं खालच्या वर्गातल्या ट्यूबावाल्याला समीकरणं सोडवायला मदत करणं, हे सगळं टेक्ससच्या बँड हॉलमध्ये रुळलं. पूर्वी ज्या पोराला वर्षाच्या शेवटी कळायचं की आपण नापास, त्याला आता सहाव्या आठवड्यात कळायला लागलं, आणि त्याच्याबरोबर आणखी दीडशे जणांना. फीडबॅक लवकर मिळाला तर चूक स्वस्तात दुरुस्त होते, हे आपल्याला कुणी सांगायला नको. पेरोला हेच हवं होतं, आणि काही प्रमाणात मिळालंही.

पण ज्या आकड्यावर गेट बसवाल त्या आकड्याला लोक हात घालतात, हेही आपल्याला माहीत आहे. १९८८ साली डॅलसच्या कार्टर हायस्कूलच्या फुटबॉल संघातल्या एका खेळाडूच्या बीजगणिताच्या मार्कांवरून जे रामायण झालं ते वाचण्यासारखं आहे. एच. जी. बिसिंजरच्या 'फ्रायडे नाइट लाइट्स' या १९९० च्या पुस्तकात ते सविस्तर आलंय. शिक्षकाच्या हिशोबानं मुलगा नापास, शाळेच्या हिशोबानं पास. गृहपाठाला किती वजन, चाचणीला किती, यावर चौकश्या आणि कोर्ट. एखाद्या शिक्षकाच्या मार्कांच्या वहीवर वकील वाद घालतायत, आणि तिकडे मॅचेस चालूच. कार्टरनं उपांत्य सामन्यात ओडेसाच्या पर्मियन शाळेला १४-९ हरवलं, मग राज्याचं अजिंक्यपदही जिंकलं, आणि काही वर्षांनी ते काढून घेण्यात आलं. बीजगणिताचा एक पेपर तपासणाऱ्या माणसावर अख्ख्या गावाचा भार टाकणं हे मला त्या कायद्यातलं सगळ्यात वाईट वाटतं. बँडच्या बाबतीत वकील आले नाहीत इतकंच. ६९ चे ७० करून द्या हो, असं विचारायला येणारा बाप मात्र तिथेही असतोच.

राजकारणात व्हाइटला याची किंमत मोजावी लागली. शिक्षकांना पगार दिला त्यानं, पण परीक्षेला बसवलं म्हणून शिक्षक चिडले. ही परीक्षा मार्च १९८६ मध्ये झाली आणि बहुतेक सगळे पास झाले, त्यामुळे अपमान तेवढा झाला आणि हाती काही लागलं नाही. फुटबॉलचे प्रशिक्षक 'नो पास, नो प्ले'वरून चिडले. त्यात १९८६ मध्येच तेलाचे भाव कोसळले आणि टेक्ससची तिजोरी आटली. नोव्हेंबरात व्हाइट हरला. हरवणारा बिल क्लेमेंट्स, म्हणजे ज्याला हरवून तो १९८२ मध्ये आला होता तोच. आणि याच क्लेमेंट्सनं १९७९ मध्ये पेरोला पहिल्यांदा सरकारी कामाला लावलं होतं, अमली पदार्थांविरुद्धच्या मोहिमेवर. व्हाइट २०१७ मध्ये गेला, पेरो २०१९ मध्ये. कायदा राहिला.

१९९५ मध्ये, जॉर्ज डब्ल्यू. बुश गव्हर्नर असताना, टेक्ससची शिक्षणसंहिता नव्यानं लिहिली गेली आणि सहा आठवड्यांचे तीन झाले. तीन आठवड्यांनी मार्क पुन्हा बघायचे, सगळ्या विषयांत सत्तर असतील तर मूल परत आत. मधल्या काळात सरावाला यायची आजच्या नियमात मुभा आहे. म्हणजे रोज कवायतीला उभं राहायचं, आणि शनिवारी सकाळी स्पर्धेला निघालेली बस बघायची. हे तीन आठवडे सोळा वर्षांच्या पोराला किती लांब वाटत असतील! पण सहापेक्षा बरे. सहा आठवड्यांत अख्खा मोसम निघून जायचा, आणि मग गणित सुधारण्यात तरी काय अर्थ?

हे वाचताना आपल्याकडची दहावी आठवल्याशिवाय राहत नाही. महाराष्ट्रात असा कायदा कधी करावा लागला नाही, कारण त्याचं काम घरातच होतं. "दहावीचं वर्ष आहे" एवढ्या एका वाक्यावर तबल्याचा क्लास बंद होतो, पेटीवर चादर पडते, गॅदरिंगच्या नाटकातून नाव काढलं जातं. ६९ मिळालेत का ९६, हे विचारायचीही गरज नाही. पण सरकारी पातळीवर आपला सौदा बरोब्बर उलटा आहे. पलुस्करांनी १९०१ साली लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं तेव्हापासून आपण गाण्याला अभ्यासक्रम आणि परीक्षा लावत आलो. आणि २०१० नंतरच्या दशकात महाराष्ट्रात असं ठरलं की शास्त्रीय संगीताच्या किंवा नृत्याच्या ठरावीक परीक्षा पास असाल, चित्रकलेची ग्रेड परीक्षा दिली असेल, तर दहावीच्या निकालात वाढीव गुण. टेक्ससमध्ये मार्क असतील तर वाजवायला मिळतं, महाराष्ट्रात वाजवलं तर मार्क मिळतात. डॅलसच्या उत्तरेला प्लेनो, फ्रिस्को या भागांत जी मराठी कुटुंबं राहतात (ईडीएसचं मुख्यालयही पुढे प्लेनोलाच गेलं) त्यांच्यातले आईबाप पहिल्या पद्धतीच्या शाळेत मुलांना घालताना दुसऱ्या पद्धतीचा विचार घेऊन येतात. कॉलेजच्या अर्जात बँड 'दिसतो', म्हणून बँड. दोन्हीकडे ट्रॉम्बोन बिचारा चलनच.

राहता राहिला कॉन्सर्ट. स्पर्धा नव्हे, शाळेच्या सभागृहात डिसेंबरात किंवा मे महिन्यात होतो तो साधा कार्यक्रम, ज्याला आजी-आजोबा येतात. बीजगणितात ६९ वाला त्यात वाजवू शकतो का?

इथे टेक्ससच्या शिक्षण खात्याचे नियम बारकाईनं वाचण्यासारखे आहेत. कुठला कार्यक्रम 'अभ्यासक्रमाबाहेरचा' धरायचा याच्या कसोट्या दिल्या आहेत: त्यात स्पर्धा असेल, तो दुसऱ्या एखाद्या अशाच कार्यक्रमाला जोडून असेल (फुटबॉलचा मध्यंतर यात आला), शाळेच्या आवाराबाहेर असेल, बाहेरच्या लोकांना आमंत्रण असेल, किंवा प्रवेशमूल्य असेल. यातलं काहीही एक लागू झालं की मूल बाहेर. आणि मग एक अपवाद. ज्या विषयाच्या अभ्यासक्रमातच लोकांसमोर कला सादर करणं आवश्यक म्हटलंय, त्या विषयाचा विद्यार्थी निलंबित असला तरी कार्यक्रमात भाग घेऊ शकतो, पण केव्हा? वरच्या कसोट्यांपैकी फक्त 'बाहेरच्या लोकांना आमंत्रण' एवढी एकच लागू होत असेल तेव्हा.

सगळ्या प्रकरणात शहाणपणानं लिहिलेली वाक्यं मला हीच वाटतात. कुणीतरी शेवटी मान्य केलं की ऐकणाऱ्यासमोर वाजवणं हा संगीताच्या अभ्यासाचाच भाग आहे. स्पर्धेची बस त्या मुलाला सोडून जाईल, शुक्रवारी रात्री तो स्टेडियममध्ये वाजवू शकणार नाही. पण शाळेच्या आवारात, कुणाशी चढाओढ नसताना, तो आपल्या जागेवर बसून वाजवू शकतो आणि त्याची आजी समोर बसून ऐकू शकते. फक्त तिच्याकडून तिकिटाचे पैसे घ्यायचे नाहीत. दोन डॉलर जरी लावले तरी कसोट्या एकाच्या दोन होतात, आणि ट्रॉम्बोनच्या रांगेतली एक खुर्ची रिकामी होते.